सेकंडहँड पियानो : आधी बोटांनी पारखा, मग पैसे मोजा

घरात पियानो यावा, मुलांनी तो शिकावा, जमल्यास आपणही चार सूर काढावेत, अशी इच्छा आज अनेक घरांत आहे. नव्या वाद्याची किंमत ऐकून मात्र पाऊल मागे येते. अशा वेळी वापरलेला डिजिटल पियानो हा चांगला मार्ग ठरतो. फक्त तो घेताना डोळ्यांपेक्षा बोटांवर आणि कानांवर अधिक विश्वास ठेवायला हवा.

१९७६ मध्ये यमुनेच्या काठी उद्योगांसाठी म्हणून वसवलेले नोएडा आता उंच इमारतींचे आणि बदलीवर आलेल्या कुटुंबांचे शहर झाले आहे. संगीताचे आणि या शहराचे नाते तसे जुनेच. गुलशनकुमार यांच्या सुपर कॅसेट्सच्या कॅसेटींनी एके काळी देशभरातल्या घरांत गाणी पोहोचवली, त्या कंपनीचे ठाणे इथेच. आज याच शहरात पुण्याहून, नागपूरहून, ठाण्याहून नोकरीसाठी आलेली असंख्य मराठी माणसे राहतात. कुणाचा मुक्काम तीन वर्षांचा, कुणाचा पाच. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या की बदल्यांचा हंगाम सुरू होतो आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर, मोबाइलवरच्या ग्रुपवर चिठ्ठ्या झळकू लागतात. कपाट विकणे आहे, सायकल विकणे आहे, कूलर विकणे आहे. त्यांतच एखादी असते : ‘डिजिटल पियानो, फारसा न वापरलेला.’

ही चिठ्ठी बहुधा खरी असते. हौसेने आणलेला पियानो चार महिन्यांत कपड्यांच्या घड्या ठेवण्याची जागा होतो, हे पुष्कळ घरांत घडते. एकाची सुटलेली हौस दुसऱ्याला निम्म्या किमतीत मिळू शकते, हा या बाजाराचा फायदा. पण ‘फारसा न वापरलेला’ आणि ‘चांगल्या स्थितीतला’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धूळ खात पडलेले वाद्य कधीकधी रोज वाजणाऱ्या वाद्यापेक्षा अधिक बिघडलेले असते.

यात पैशांइतकीच आणखी एक गोष्ट पणाला लागते. वाद्य सदोष असले की शिकणाऱ्याचा हात बसत नाही. एक पट्टी दाबली तर किंचाळते, दुसरी दाबली तर गप्प बसते. नवशिक्याला वाटते, आपलेच चुकते आहे. आईवडिलांना वाटते, याला गती नाही. दोष वाद्याचा आणि बोल मुलाला! वाद्य आधीच नीट पारखून घेतले तर हा अन्याय टळतो.

पेटी वेगळी, पियानो वेगळा

मराठी घराला पट्ट्यांचे वाद्य नवे नाही. आजोळी कुठेतरी कपाटावर पेटी असतेच, आणि ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ ही भाषा गाणाऱ्या घरांत सर्रास बोलली जाते. त्यामुळे पियानो म्हणजे मोठी पेटी, असा समज सहज होतो. खरेदीतली पहिली चूक इथूनच सुरू होते.

पेटीची पट्टी हळू दाबा किंवा जोरात, आवाजात फरक पडत नाही. आवाज लहान-मोठा होतो तो भात्यामुळे. पट्टी दाबून धरली आणि भाता चालू ठेवला की सूर हवा तेवढा वेळ टिकतो. पियानोचे नेमके उलटे आहे. तिथे पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते, आणि ती जितक्या वेगाने आदळेल तितका सूर मोठा. एकदा वाजलेला सूर हळूहळू विरत जातो. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे वाद्य घडवले. ‘पियानो’ आणि ‘फोर्ते’ म्हणजे हळू आणि जोरात. वाद्याला नावच त्यावरून मिळाले.

थोडक्यात, पियानो शिकणे म्हणजे कोणती पट्टी दाबायची एवढेच शिकणे नव्हे, ती कशी दाबायची हेही शिकणे. म्हणून वाद्य घेताना सगळ्यांत महत्त्वाची ठरते ती पट्टी, तिचे वजन आणि तिचा प्रतिसाद. आत किती प्रकारचे आवाज आहेत, किती ताल आहेत, दिवे किती लुकलुकतात, हे सारे त्यानंतर.

खरा, तारांचा पियानो घ्यावा का? साध्या उभ्या पियानोचे वजनही दोनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. त्याला वर्षातून एक-दोनदा सुरात लावावे लागते. दिल्लीकडची मे महिन्यातली कोरडी लू आणि लगेच येणारा दमट श्रावण त्याच्या लाकडाला मानवत नाही. शिवाय चौदाव्या मजल्यावर तो चढवायचा, आणि बदली झाली की उतरवायचा! भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी डिजिटल पियानोच सोयीचा. त्याला सुरात लावावे लागत नाही आणि हेडफोन लावला की शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही.

‘कॅसिओ’ म्हणजे पियानो नव्हे

आपल्याकडे पट्ट्यांच्या कोणत्याही विजेवरच्या वाद्याला ‘कॅसिओ’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते एका जपानी कंपनीचे नाव आहे. ही कंपनी छोटे कीबोर्डही बनवते आणि डिजिटल पियानोही. जाहिरातीत ‘कॅसिओ पियानो’ असे लिहिलेले असले की नेमके काय विकले जात आहे, हे विचारून घ्यावे.

साध्या कीबोर्डला बहुधा ६१ पट्ट्या असतात. त्या हलक्या, स्प्रिंगच्या असतात. आत ताल आणि साथ तयार असते. भावगीताची चाल वाजवायला, मुलांच्या करमणुकीला तो छान. पियानोला मात्र ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. चांगल्या डिजिटल पियानोत प्रत्येक पट्टीच्या मागे छोटी हातोडी किंवा वजन असते. डावीकडच्या खर्जाच्या पट्ट्या किंचित जड आणि उजवीकडच्या हलक्या, अशी रचना अनेक वाद्यांत असते, कारण खऱ्या पियानोतही तसेच असते. जाहिरातीत याला ‘हॅमर ॲक्शन’ किंवा ‘वेटेड’ म्हणतात. ‘सेमी-वेटेड’ लिहिले असेल तर पट्ट्या स्प्रिंगच्याच, थोड्या घट्ट, असे समजावे. नुसते ‘टच सेन्सिटिव्ह’ म्हटले असेल तर आवाज लहान-मोठा होतो एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून पट्टीला वजन आहे असे धरू नये.

हा फरक परीक्षांच्या वेळीही जाणवतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. मुलाला कोणती वाट धरायची आहे, हे शिक्षकांना आधी विचारावे. पियानोच्या परीक्षेची तयारी ६१ हलक्या पट्ट्यांवर करणे म्हणजे टेबलटेनिसच्या बॅटने बॅडमिंटनचा सराव करण्यासारखे आहे.

म्हणून नवशिक्याने चारच गोष्टींचा आग्रह धरावा : ८८ पट्ट्या, हातोडीचे वजन, पेडल लावण्याची सोय आणि हेडफोनची जागा. बाकी सारे असले तर उत्तम, नसले तरी चालेल.

कोणते मॉडेल, किती जुने?

डिजिटल पियानो ही काही कालची गोष्ट नाही. यामाहाचा ‘क्लॅव्हिनोव्हा’ १९८३ मध्ये आला, कॅसिओची ‘प्रिव्हिया’ मालिका २००३ मध्ये. त्यामुळे बाजारात वीस वर्षांपूर्वीचे वाद्यही भेटते. ते वाजतही असेल, पण त्याचे सुटे भाग मिळतील याची खात्री नसते. नवशिक्याने शक्यतो दहा-बारा वर्षांच्या आतले वाद्य पाहावे.

काही नावे ओळखीची असलेली बरी. यामाहाचा पी-३५ हा २०१२ चा, पी-४५ हा २०१५ चा आणि पी-१२५ हा २०१८ चा. २०२३ मध्ये त्यांच्या पुढचे पी-१४५ आणि पी-२२५ आले. नवे मॉडेल आले की आधीच्याचा भाव उतरतो, हे घासाघीस करताना लक्षात ठेवावे. कॅसिओचा पीएक्स-१६० हा २०१५ चा आणि सीडीपी-एस१०० हा २०१९ चा. रोलंडचा एफपी-१० हाही २०१९ चा. ही सारी ८८ वजनदार पट्ट्यांची, शिकणाऱ्यासाठी पुरेशी वाद्ये आहेत.

जाहिरातीत ‘पॉलिफनी’ हा शब्द येतो. एकाच वेळी किती सूर वाजत राहू शकतात, त्याची ही संख्या. बोटे तर दहाच, मग मोठी संख्या कशाला? कारण पेडल दाबले की आधी वाजलेले सूर विरेपर्यंत चालूच राहतात आणि त्यांची बेरीज होत जाते. शिवाय स्टिरिओ आवाजात एका सुराला दोन जागा लागू शकतात. पी-३५ मध्ये ही संख्या ३२ आहे, पी-४५ मध्ये ६४, एफपी-१० मध्ये ९६, पीएक्स-१६० मध्ये १२८ आणि पी-१२५ मध्ये १९२. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी ६४ पुरे. ३२ चे वाद्य अगदी स्वस्तात आणि उत्तम स्थितीत मिळत असेल तर तेही चालेल, पण पुढे ते अपुरे वाटेल हे धरून चालावे.

मोबाइल किंवा संगणकाला जोडून शिकायचे असेल तर यूएसबीची जागा आहे का ते पाहावे. पी-४५ ला ती आहे. पी-३५ ला नाही, त्याला जुन्या पद्धतीची गोल ‘मिडी’ जोडणी आहे.

शोधावा कोठे?

सर्वांत चांगली जागा म्हणजे ओळखीचे घर. सोसायटीतल्या, शाळेतल्या, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखी कामाला येतात. वाद्य कुणी, किती वाजवले, कोणत्या खोलीत ठेवले होते, हे तिथे कळते. दुसरी जागा संगीतशिक्षक. कोणता विद्यार्थी मोठे वाद्य घेतो आहे आणि त्याचे जुने रिकामे होणार आहे, याची बातमी त्यांना सर्वांत आधी असते.

तिसरी जागा दुकानांची. दिल्लीत कनॉट प्लेस आणि दर्यागंज भागांत वाद्यांची जुनी दुकाने आहेत. काही दुकानदार जुने वाद्य घेऊन नवे देतात, मग ते जुने दुरुस्त करून विकतात. दुकानात किंमत थोडी अधिक पडते, पण पावती मिळते आणि काही बिघडल्यास जाब विचारायला जागा असते. खरेदी करायची नसली तरी एकदा अशा दुकानात जाऊन नव्या पियानोवर बोटे फिरवून यावीत. चांगली पट्टी कशी लागते हे एकदा हाताला कळले की जुने वाद्य पारखणे सोपे जाते.

चौथी जागा इंटरनेटवरच्या जाहिराती. तिथे माल भरपूर असतो आणि धोकाही. त्याविषयी पुढे येईलच.

पाहायला जाताना

दिवसा उजेडी जावे. बरोबर वाजवणारे कुणी असेल तर उत्तमच, नसेल तरी हरकत नाही. पुढची तपासणी सरगम न येणाऱ्यालाही जमेल. आपला हेडफोन, त्याची पिन मोठ्या छिद्रात बसवणारा छोटा कनेक्टर, कागद-पेन्सिल आणि एक तास मोकळा वेळ, एवढे बरोबर असावे. पी-४५ सारख्या वाद्यांत हेडफोनचे छिद्र मोठे, ६.३ मिलिमीटरचे असते. मोबाइलच्या हेडफोनची पिन त्यात बसत नाही आणि ऐन वेळी खोळंबा होतो.

घरात शिरताच विक्रेता बहुधा पियानो चालू करून आतली तयार धून लावून देतो. खोली सुरांनी भरून जाते, मुले हरखतात, आणि ‘भाभीजी, एकदम नये जैसा है’ हे वाक्य ऐकू येते. या धुनेवर जाऊ नये. ती यंत्राच्या स्मरणातून वाजते. तिच्यामुळे स्पीकर चालू आहेत एवढेच कळते, पट्ट्यांविषयी काहीच कळत नाही. धून बंद करायला सांगावे आणि आपले काम सुरू करावे.

आधी बाहेरून पाहावे. वाद्य उलटे करून तळाचे स्क्रू पाहावेत. गंज असेल तर ओल लागली आहे. स्क्रूच्या खाचा झिजल्या असतील तर ते कधीतरी उघडले गेले आहे. कधी, कशासाठी, हे विचारावे. पट्ट्यांच्या फटींतून नजर टाकावी. झुरळांची घाण दिसली तर वाद्य सोडून द्यावे. नोएडात चारी बाजूंना बांधकामे चालू असतात आणि खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते. पियानोवर कव्हर होते का, तो बाल्कनीच्या दाराशी होता की आतल्या खोलीत, हे विचारणे म्हणून गैर नाही.

अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची हजेरी

आता मुख्य परीक्षा. डाव्या टोकापासून सुरुवात करून प्रत्येक पट्टी तीनदा दाबावी : एकदा अगदी हळू, एकदा मध्यम, एकदा जोरात. पांढऱ्या झाल्या की काळ्या. यात एकही पट्टी सुटता कामा नये. नवशिका मधल्या दोन सप्तकांतच वाजवतो, म्हणून टोकाच्या पट्ट्या पाहायचे राहून जाते आणि वर्षभराने त्यांची गरज पडते तेव्हा दोष उघड होतो.

काय पाहायचे? हळू दाबल्यावर हळू आवाज यायला हवा. काही पट्ट्या हळू दाबूनही एकदम मोठ्याने वाजतात, काही मधूनच गप्प राहतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक पट्टीखाली रबराची घडी असते आणि तिच्यात दोन किंवा तीन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना ते एकापाठोपाठ एक टेकतात. त्यांच्यामधला वेळ मोजून यंत्र ठरवते की बोट किती वेगाने आले. वेळ कमी, तर आवाज मोठा. बिंदूंवर धूळ बसली की हा हिशेब चुकतो आणि पट्टी भलत्याच आवाजात बोलते. एक-दोन पट्ट्यांना हा दोष असेल तर साफसफाईने तो जाऊ शकतो. त्यासाठी वाद्य पूर्ण उघडावे लागते. तेव्हा दुरुस्तीचा खर्च आधी विचारून तेवढा भाव कमी करून घ्यावा. पाच-सहा पट्ट्या अशा असतील तर तो नाद सोडावा.

त्यानंतर वीज बंद करून पट्ट्या दाबाव्यात. आता फक्त यंत्राचा आवाज ऐकू येईल. थोडी धपधप सगळ्याच वजनदार पट्ट्यांना असते. पण एखादीच पट्टी इतरांपेक्षा खटखट करत असेल तर तिच्या खालचा नमदा झिजला असावा. एखादी उशिरा वर येत असेल, शेजारणीला घासत असेल, आजूबाजूला डुलत असेल, तर कागदावर खूण करावी. सगळ्या पट्ट्यांची उंची एका रेषेत आहे का, हे डोळा पट्ट्यांच्या पातळीला आणून पाहावे.

एकच पट्टी भराभर आठ-दहा वेळा वाजवून पाहावी. सगळे ठोके ऐकू आले पाहिजेत. मग आवाज बराच वाढवून खर्जातल्या पट्ट्या दाबाव्यात. स्पीकर फाटला असेल तर इथे भुर्रर्र असा आवाज येतो. हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का, पिन हलवल्यावर तो तुटतो का, हेही पाहावे.

सूर जुळतो की नाही तेही तपासावे. मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी किंवा घरच्या पेटीशी ताडून पाहताना फरक आढळला तर घाबरू नये. ‘ट्रान्स्पोज’ची सोय चालू राहिली असेल तर पट्टी एक आणि सूर दुसरा असे होते. वाद्य मूळ स्थितीत आणून पुन्हा पाहावे.

पेडल, ॲडॅप्टर आणि व्होल्टेज

पेडल लावून पट्टी दाबावी, बोट उचलावे. पेडल दाबलेले असेपर्यंत सूर टिकायला हवा आणि पाय उचलताच थांबायला हवा. उलटेच होत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर सूर टिकत असेल, तर ते नेहमीच बिघाडाचे लक्षण नसते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेडलांची जोडणी एकमेकांच्या उलट असते. काही वाद्यांत, वीज चालू करताना पाय पेडलवर असला तरी असे होते. बंद करून, पाय दूर ठेवून पुन्हा चालू करावे.

ॲडॅप्टर मूळचाच आहे का, हे त्याच्यावरचे लिखाण वाचून पाहावे. वाद्यावर लिहिलेले व्होल्ट आणि ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट एकच हवेत. प्लगच्या मधल्या टोकाची धन-ऋण खूणही जुळायला हवी. कुठलाही मिळताजुळता ॲडॅप्टर लावण्याचा मोह महागात पडतो. मूळचा हरवला असेल तर लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये बदली मिळू शकतो, पण वाद्यावरच्या पट्टीचा फोटो बरोबर नेऊन नेमका तसाच घ्यावा. वाद्य चालू ठेवून ॲडॅप्टरची वायर हळूच हलवावी. दिवा लुकलुकला तर आतला सांधा सैल आहे.

परदेशातून परतलेल्या कुटुंबांकडचे वाद्य असेल तर आणखी एक काळजी. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट वीज असते. जपानमध्ये ती १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्ट असते. ज्या वाद्यांची वायर थेट भिंतीतल्या प्लगात जाते, त्यांच्या मागची पट्टी अवश्य वाचावी. तिथे फक्त १०० किंवा १२० लिहिले असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय ते चालू करू नये. एका क्षणाच्या घाईत सारे वाद्य जळून जाते.

ही सगळी तपासणी होईपर्यंत पियानो अर्धा तास तरी चालू राहिलेला असतो. तेही महत्त्वाचे. काही दोष यंत्र तापल्यावरच डोके वर काढतात.

भाव कसा ठरवावा?

८८ वजनदार पट्ट्यांचे साधे नवे वाद्य घ्यायला गेले तर पस्तीस-चाळीस हजारांच्या आसपास खर्च येतो. जुन्याचा भाव करताना त्याच मॉडेलची किंवा त्याच्या जागी आलेल्या मॉडेलची आजची दुकानातली किंमत काढावी. विक्रेत्याने पाच वर्षांपूर्वी काय मोजले, याला अर्थ नाही. तीन-चार वर्षांचे, निर्दोष, पावतीसह असलेले वाद्य नव्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश किमतीत मिळाले तर सौदा रास्त म्हणावा. त्याहून जुने असेल तर निम्म्याच्या खालीच बोलणी सुरू करावीत.

मग वजाबाकी. स्टँड नाही? पेडल नाही? ॲडॅप्टर दुसऱ्याच कंपनीचा? या प्रत्येक वस्तूची नवी किंमत आधीच विचारून ठेवलेली असावी आणि ती भावातून उतरवावी. नाहीतर पंधरा हजारांचे स्वस्त वाद्य घरी येईपर्यंत बावीस हजारांचे होते. बाकी आवाजांची संख्या, आतली गाणी, सोबतची पुस्तके यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

वाहतूकही धरावी. पी-४५ चे वजन साडेअकरा किलो, म्हणजे एकटा माणूस उचलू शकेल इतके. पण लांबी जवळजवळ चार फूट चार इंच. मेट्रोत सामानाच्या आकाराला मर्यादा आहे, तेव्हा तो बेत करू नये. मोटारीची मागची सीट मोजून घ्यावी. लाकडी कपाटासारखे मोठे मॉडेल असेल तर लिफ्टचे दारही मोजावे.

फसवणुकीपासून सावध

जाहिरातीवरून खरेदी करताना एक नियम कधीही मोडू नये : वाद्य पाहिल्याशिवाय, वाजवल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही. ‘मी सैन्यात आहे, तातडीने बदली झाली आहे, टोकन पाठवा, पियानो गाडीतून येईल’ ही बतावणी देशभर अनेकांना फसवून गेली आहे. सैन्याचे नाव ऐकले की आपला विश्वास बसतो, आणि ठग नेमका त्याचाच फायदा घेतात. भाव फारच कमी असणे हीच धोक्याची पहिली खूण. पैसे परत पाठवतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला, तर तो स्कॅन करून पिन टाकू नये. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

मूळ पावती मागावी. ती नसेल तर विक्रेत्याकडून साध्या कागदावर मॉडेल, अनुक्रमांक, रक्कम, तारीख आणि सही घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे आणि हा कागद आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा असतो. हेही लक्षात असावे की, दुकानदाराने फसवले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेता येतो. शेजारच्या टॉवरमधल्या कुटुंबाकडून घेतलेल्या वस्तूला तो सहसा मिळत नाही, कारण ते कुटुंब व्यापारी नसते. म्हणून घरगुती खरेदीत तपासणी हीच हमी.

घरी आणल्यावर

पियानो पलंगावर किंवा जमिनीवर ठेवून वाजवू नये. पेटीपुढे मांडी घालून बसण्याची आपली सवय इथे उपयोगी नाही. खुर्चीवर बसल्यावर कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला यायला हवे. लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. ओल्या फडक्याने पट्ट्या पुसू नयेत. किंचित दमट, मऊ फडके पुरे. वाजवून झाले की सुती चादर घालावी. पियानो कूलरच्या झोतात ठेवू नये, दमट हवा आतल्या सर्किटचा घात करते.

पहिले सहा महिने मुलाला रोज वीस मिनिटे वाजवू द्यावे आणि मागे उभे राहून चुका मोजू नयेत. सहा महिन्यांनंतर गोडी वाढली तर पुढचा विचार करावा. नाही वाढली तर वाद्य पुन्हा विकता येते आणि जुने घेतलेले असल्यामुळे नुकसानही बेताचे होते. नव्या महाग वाद्याच्या बाबतीत ‘एवढे पैसे घातले, आता वाजवच’ हा तगादा मुलामागे लागतो. जुन्या वाद्याने तो धाक नाहीसा होतो, हा त्याचा न दिसणारा फायदा आहे.

हा लाभ फक्त मुलांचा नाही. शाळेत असताना पेटी शिकायची राहून गेली, मग संसारात वेळ मिळाला नाही, असे म्हणणाऱ्या कितीतरी गृहिणी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. दुपारची कामे आटोपल्यावर हेडफोन लावून अर्धा तास वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही आणि सुरुवातीचे बेसूर कुणाच्या कानीही पडत नाहीत. तेव्हा घरात पियानो आणायचा विचार असेल तर तो कुणासाठी, हा प्रश्न एकदा स्वतःलाही विचारून पाहावा.